बेचाळिसाव्या वर्षी फुटलेला कंठ

माझ्या मामाचा कंठ वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी फुटला. तोही आपोआप नाही, दवाखान्यात एका बाईंनी गळा दाबल्यावर. बाकीच्या मुलांचं हे काम आठवी-नववीत, गळ्याला कुणी बोटही न लावता होऊन जातं. पण मामाचं कुठलंच काम वेळेवर झालेलं नाही. लग्न पस्तिशीत झालं, अक्कलदाढ चाळिशीत आली, मग कंठानेच काय घाई करायची?

मामा विजेच्या सबस्टेशनात ऑपरेटर आहे. सबस्टेशन म्हणजे तारेच्या कुंपणाआड पसरलेली खडी, त्यात दिवसभर गुणगुणणारे दोन ट्रान्सफॉर्मर आणि कोपऱ्यात एक खोली. खोलीत भिंतभर राखाडी पॅनल, त्यावर लाल-हिरवे दिवे, एक टेबल, दोन फोन आणि मामाची खुर्ची. खुर्चीचा उजवा हात तुटलाय आणि तो काळ्या चिकटपट्टीने बांधलाय. या खात्यात काहीही तुटलं तरी इलाज हाच.

दोन फोनांपैकी पांढरा लोकांचा. लाइट गेली की तो वाजतो. काळा लाइनमनांचा. कुठे तार तुटली, फांदी पडली की मामा इथून त्या भागाची लाइन बंद करतो, खटक्याला कुलूप लावतो, मग काळ्या फोनवरून लाइनमनला परमिट देतो, म्हणजे नंबर सांगून म्हणतो, "लाइन बंद. चढा." तिकडे खांबाखाली उभा असलेला माणूस हे ऐकतो, तार तपासतो आणि चढतो. म्हणजे बघा, एका माणसाचा जीव दुसऱ्याच्या दोन शब्दांवर. मामा वीस वर्षं ते दोन शब्द बोलत आला आणि ते बोलण्यासाठी देवाने, किंवा ज्याने कुणी, त्याला आवाज दिला होता तो शाळकरी मुलीचा.

अगदी बारीक, वरच्या पट्टीतला. समोरासमोर ऐकलं तर माणूस क्षणभर इकडेतिकडे बघायचा, हे कोण बोललं म्हणून. फोनवर मात्र कुणाला शंकाच यायची नाही.

"ताई, आमच्याकडे सकाळपासून अंधार आहे हो!"

सुरुवातीला मामा सांगायचा की मी ताई नाही. मग त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, ज्याचा आवाज रिकामं पिंप गडगडल्यासारखा आहे, तो त्याच अंधाराबद्दल लोकांच्या शिव्या खातो. मामाला मात्र लोक म्हणतात, "बरं ताई, बघा जरा तेवढं." त्या दिवसापासून मामाने खुलासे बंद केले आणि लाइनमनही त्याला गमतीने ताईच म्हणायला लागले. एका आजोबांनी तर लाइटची तक्रार नोंदवता नोंदवता विचारलं, "ताई, तुमचं लग्न झालंय का? आमचा पुतण्या आहे बँकेत."

"झालंय हो काका."

"अरेरे. मिस्टर काय करतात?"

"शाळेत शिकवतात," मामा म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. मामी शाळेत शिकवते.

गंमत अशी की मामाचा खोकला मात्र दणदणीत होता. बोलायचा मुलीसारखा आणि खोकायचा पहिलवानासारखा. मामी सांगते, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीतून असा खोकला आला की ती हातात झारा घेऊनच धावत आली. "म्हटलं, हे घरात नसताना कोण घुसलं?" खोकला होता तो मामाच.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मामाचा आवाज दुपारनंतर साथ सोडायला लागला. सकाळी ठीक असायचा, दोनला मान दुखायची, तीनला गळा आवळल्यासारखा व्हायचा आणि चारच्या सुमारास आवाज जो बसायचा तो नुसती हवा उरायची. एकदा काळ्या फोनवर मामा "लाइन बंद" म्हणाला आणि पलीकडे फक्त "लाइन" एवढंच पोचलं. पुढचा शब्द कुणाला ऐकूच आला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. म्हणाले, "हे बघा, बंद म्हणालात की चालू म्हणालात, हे खांबाखालच्या माणसाला कळलं पाहिजे. महिनाभर वैद्यकीय रजा घ्या. आवाज आठ तास टिकला तर खुर्ची तुमची. नाहीतर मीटरच्या गोदामात जागा आहे."

मीटरचं गोदाम म्हणजे जळलेले मीटर, मांडण्या आणि एक पंखा. बोलायला चिटपाखरू नाही. मामाला ती जागा म्हणजे जिवंतपणी कपाटात ठेवल्यासारखी वाटली. तो घरी आला आणि जेवलाच नाही, तेव्हा मामीने पहिल्यांदाच ही गोष्ट गंभीरपणे घेतली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मीच स्कूटरवरून घेऊन गेलो, मामी मागून रिक्षाने आली. डॉक्टरांनी मामाच्या नाकातून शेवयीएवढी एक नळी आत सोडली. तिच्या टोकाला कॅमेरा. समोरच्या पडद्यावर मामाचं स्वरयंत्र दिसायला लागलं. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, पण "हे वाचून घ्या" म्हणून आमच्या सरांनी तो धडा उरकला होता. त्यामुळे मीही पहिल्यांदाच बघत होतो. एका गुलाबी, ओलसर खिडकीत दोन पांढऱ्या पट्ट्या. श्वास घेतला की दारासारख्या उघडतात, बोललं की एकमेकींना भिडून थरथरतात. एवढंच. इतक्या भांडणांचं, लग्नांच्या बोलण्यांचं आणि वीजबिलाच्या तक्रारींचं मूळ म्हणजे नखाएवढ्या दोन पट्ट्या.

"हे स्वरतंतू," डॉक्टर म्हणाले. "उत्तम आहेत. गाठ नाही, सूज नाही, पूर्ण वाढ झालेली. खणखणीत पुरुषाचं यंत्र आहे."

मामा हिरमुसला. "मग बिघाड कुठे आहे?"

"यंत्रात नाही. वाजवणाऱ्यात."

"म्हणजे मी सांगतच होते," मामी म्हणाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लहानपणी मुलाचं स्वरयंत्र छोटं असतं आणि गळ्यात जरा वर असतं. तेरा-चौदाव्या वर्षी ते एकदम वाढतं, खाली सरकतं, पुढून कंठमणी बाहेर येतो आणि स्वरतंतू लांब, जाड होतात. जाड तार सावकाश थरथरते, म्हणून आवाज खाली उतरतो. मधले काही महिने यंत्र नवीन आणि हात जुना, म्हणून आवाज चिरकतो. मग सवय होते. काहींना मात्र ती सवय होतच नाही. यंत्र मोठं झालेलं असतं, पण ते गळ्याच्या स्नायूंनी वर उचलून, तंतू ताणून पातळ करून, माणूस जुनाच आवाज काढत राहतो.

"सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तुम्ही तुमचं स्वरयंत्र उचलून धरलंय," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी मान दुखणार नाही तर काय? जरा खोका बरं."

मामा खोकला. डॉक्टर खुर्चीत सरळ झाले.

"हा तुमचा आवाज. बाकी सगळी कसरत."

पुढचं काम शेजारच्या खोलीतल्या आवाजाच्या बाईंकडे होतं. वयाने माझ्याएवढ्याच, पण बोलणं मुख्याध्यापिकेचं. त्यांनी मामाला विचारलं, पहिल्यांदा आवाज चिरकला तेव्हाचं काही आठवतं का? मला वाटलं, एवढं जुनं कुणाला आठवणार? मामा लगेच म्हणाला, "नववीत. उभा राहून धडा वाचत होतो. मधेच आवाज फाटला. सगळा वर्ग हसला. सरसुद्धा." मग म्हणाला, "मी पुढचं पान आवाज वर ओढून वाचलं."

"आणि मग खाली ठेवायचं राहूनच गेलं," बाई म्हणाल्या.

त्यांनी मामाच्या कंठमण्यावर अंगठा आणि बोट ठेवलं, अलगद खाली दाबलं. "खोका. आता तोच खोकला लांबवा. अ... करत राहा."

मामाने "अ" केलं. खोलीत एक आवाज आला. भरदार, जरा खरखरीत, जमिनीला लागून चाललेला. मामाने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं, भिंत होती.

"आता म्हणा, माझं नाव..."

"माझं नाव," तो आवाज म्हणाला आणि मामाने घाबरून तोंडच मिटलं.

त्यानंतर रोज तासभर हेच. आधी गळ्यावर बाईंचं बोट, मग स्वतःचं, मग बोटाशिवाय. आणि एक नियम, सहा आठवड्यांसाठी. "जुन्या आवाजात एक शब्दसुद्धा नाही. गमतीतही नाही. एक वाक्य बोललात की गळ्याचे स्नायू म्हणतील, चला, जुनीच ड्युटी सुरू झाली. मग मला पुन्हा पहिल्यापासून गळा धरावा लागेल."

घरी मात्र वेगळाच गोंधळ. पहिल्या दिवशी मामा न्हाणीघरातून ओरडला, "टॉवेल दे गं!" मामीने बाहेरून विचारलं, "कोण आहे आत?" चार दिवस ती मामाशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलत होती. एकदा तर म्हणाली, "आपण चहा घेणार का?" मामा इतका खूष झाला की त्या दिवशी त्याने चार वेळा चहा मागितला. पाचव्यांदा ती मूळ पदावर आली.

तीन आठवड्यांत मामा सलग दोन तास मोठ्याने वर्तमानपत्र वाचायला लागला. मान दुखत नव्हती, चार वाजत होते आणि जात होते. साहेबांना त्याने कळवलं, घसा बरा आहे, येतो. लाइनमनांना मात्र काहीच सांगितलं नाही. "दचकवतो सगळ्यांना," म्हणाला. मामाच्या डोक्यात अशा कल्पना येतात तेव्हा घरातल्यांनी त्याला कामाला लावायला हवं, पण आमचंही चुकलंच.

कारण लाइनमनांत एक दादा आहे. दादा सगळ्यांत जुना, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन बारा वर्षांपूर्वी गेली. मामा रजेवर होता, खुर्चीत भलताच कुणी बसला होता, त्याने परमिट दिलं, नंबरही दिला आणि दुसऱ्याच भागाचा खटका पाडला. अंगावरचा पट्टा होता म्हणून दादा खांबाला लटकून राहिला. तेव्हापासून दादा तार दोनदा तपासतो आणि फक्त मामाच्या आवाजावर चढतो; मामा रजेवर असला की खालचीच कामं धरतो. तो म्हणतो, "नंबर काय, पोपटही सांगेल."

मामा रुजू झाला त्या दिवशी सकाळी अकराला वारा सुटला आणि पाण्याच्या टाकीमागे एक फांदी तारांवर पडली. मी तेव्हा तिथेच होतो. मामा दर दहा मिनिटांनी प्यायचं कोमट पाणी घरी विसरला होता आणि मामीने मला पिटाळलं होतं. मामाने खटका पाडला, कुलूप लावलं, लाल पाटी अडकवली आणि काळा फोन उचलला. माझ्याकडे बघून डोळा मारला.

"दादा, टाकीमागची लाइन बंद. परमिट सतरा. चढा."

पलीकडून दादा म्हणाला, "कोण बोलतंय?"

"मी."

"मी म्हणजे कोण? ताईंना दे फोन."

"अहो दादा, मीच ताई!"

"तू ताई, तर मी तुझी सासू. फोन दे म्हणतो ना!"

मामाने सगळं सांगितलं. डॉक्टर, नळी, स्वरतंतू, बाई, बोट. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गोष्ट छान आहे. ताई आल्या की सांग, मी खांबाखाली बसलोय."

मामाने त्याच्या घरच्या खुणा सांगितल्या, मुलगी कुठे दिलीय, गुडघा कुठला दुखतो. दादा म्हणाला, "हे सगळं चहावालाही सांगतो."

एव्हाना पांढरा फोन पेटला होता. मामा वीस वर्षं जे वाक्य ज्या नम्रतेने बोलत आला तेच बोलला, "काम चालू आहे, थोडा धीर धरा." पलीकडून एक बाई कडाडल्या, "अहो, उर्मटपणा कुणाला दाखवताय? मॅडमना द्या फोन!" दुसऱ्याने तर थेट आई-वडील काढले. मामाला आयुष्यात पहिल्यांदा शिवी मिळाली आणि तो फोनकडे बघतच राहिला.

साहेब आले. दहा मिनिटांत त्यांना सगळा प्रकार कळला. म्हणाले, "अहो, मग एकदा जुना आवाज काढा ना! दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. लोक माझ्या नावाने खडे फोडतायत."

मामाने काळा फोन उचलला. मी त्याच्या गळ्याकडे बघत होतो. कंठमणी हळूहळू वर चढायला लागला, लिफ्टसारखा. अर्ध्यावर आला आणि मामाने स्वतःचंच बोट त्यावर ठेवून तो खाली आणला.

"नाही साहेब," तो म्हणाला, त्या नव्या, जाड आवाजात. "आज काढला तर उद्यापासून दादा त्याच आवाजावर चढणार. आणि तो आवाज चारला बसतो. चार वाजता तो वर असला आणि मी इथे नुसती हवा फुंकत बसलो, तर?"

साहेब म्हणाले, "आणि या आवाजावर तो चढलाच नाही, तर मला तुम्हाला इथे ठेवता येणार नाही. तेही लक्षात घ्या."

"घेतलं," मामा म्हणाला आणि फोनमध्ये बोलला, "दादा, इकडे या. डोळ्यांनी बघा."

वीस मिनिटांनी दादाची मोटरसायकल खडीवर वाजली. खांद्यावर पट्टा तसाच. आत येऊन त्याने आधी कुलूप ओढून बघितलं, पाटी वाचली, मग मामासमोर उभा राहिला.

"बोल."

"लाइन बंद."

दादाने तीन बोटांचा हात मामाच्या गळ्यावर ठेवला. "पुन्हा." मामा बोलला. दादाच्या बोटांखाली काहीतरी थरथरलं असावं, कारण त्याने हात पटकन मागे घेतला. "च्यायला, हा तर तुझ्या खोकल्याचा आवाज!"

मला वाटलं, झालं. पण दादा बाहेर निघाला. "समोर ऐकून काय करू? खांबावर मला तू दिसणार आहेस का?" तो कुंपणापाशी गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि खिशातल्या मोबाइलवरून काळ्या फोनवर फोन लावला. "बंद म्हण. आता चालू म्हण. आता बंद. दोन्ही वेगळे कळले पाहिजेत." पंधरा-वीस वेळा झालं. मग म्हणाला, "आता तिघं आळीपाळीने बोला, कुठल्याही क्रमाने."

झाली आवाजाची ओळखपरेड सुरू. मी म्हटलं, "लाइन बंद."

"हा भाचा. कालपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

साहेबांनी छाती भरून, आवाज जाड करून म्हटलं, "लाइन बंद!"

"हे साहेब. घाबरलेत."

मग मामा. दादाने फोन कानाला घट्ट लावला. "हा." मग पुन्हा मी, पुन्हा मामा, मामा, साहेब, मी. आठही वेळा त्याने बरोबर ओळखलं. साहेबांनी नवव्यांदा प्रयत्न केला, कारण त्यांना मनाला लागलं होतं, पण दादा मोटरसायकलला किक मारून गेला होता.

पाऊण वाजता काळा फोन वाजला.

"टाकीमागे. बोल."

"परमिट सतरा. लाइन बंद."

"सतरा, लाइन बंद," दादा म्हणाला. तार तपासल्याची टकटक आली, मग पट्ट्याचा आकडा खटकन बसला. फोन त्याने खिशात चालूच ठेवला होता. मामा काळा फोन कानाला लावून बसला. खांबावर बूट घासले जात होते, वर, आणखी वर. मामाचा खुर्चीच्या बांधलेल्या हातावरचा हात जराही हलला नाही. पांढरा फोन वाजला, तो साहेबांनी उचलला आणि कुणाला तरी सांगितलं, "काम चालू आहे हो, आमचा माणूस वर आहे."

"उतरलो. चालू कर," दादा म्हणाला तेव्हा सव्वा वाजून गेला होता.

मी थांबलो. पाणी द्यायचं म्हणून सांगितलं, खरं तर चार वाजायची वाट बघत होतो. साहेबही काही ना काही कारण काढून दोनदा येऊन गेले. चार वाजले, साडेचार वाजले. मामा पांढऱ्या फोनवर एका माणसाला शांतपणे सांगत होता की तुमच्या घरातला फ्यूज मी इथून बदलू शकत नाही.

पाचला पाच मिनिटं कमी असताना काळा फोन वाजला. गावाच्या दुसऱ्या टोकाला जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा, निसटला होता. मामाने खटका पाडला, कुलूप लावलं.

"परमिट अठरा. लाइन बंद."

"अठरा. चढतो," दादा म्हणाला. बाकी काहीच विचारलं नाही.